क्षारांची नावं: दर ऑगस्टला परत येणारी चूक आणि तिचा बंदोबस्त

फोंडा तालुक्यात मी घरीच नववी-दहावीच्या शिकवण्या घेते. अंगणात पत्र्याची शेड, चार बाकं, एक फळा. दर वर्षी चतुर्थीच्या सुट्टीच्या जरा आधी, पहिल्या चाचणीचे पेपर हातात पडले की तीच वही माझ्यासमोर येते. मुलं बदलतात, वही तीच. ‘कॅल्शियम डायक्लोराइड’ला लाल गोल. खाली ‘आयर्न टू ऑक्साइड’, त्यालाही गोल. त्याच्या खाली कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या फॉर्म्युल्यातला कंस गायब. आणि वहीबरोबर आई. "टीचर, पाठ करून घेतलं होतं हो. रात्री सगळं येत होतं."

रात्री येत होतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मीही बरीच वर्षं तेच करून घेतलं. आयनांचा, म्हणजे भार असलेल्या अणूंचा आणि अणुगटांचा, तक्ता द्यायचा, वीस वेळा लिहायला लावायचं. आठवडाभर बरं दिसायचं. मग मोदक-नेवऱ्या खाऊन मुलं परत यायची आणि डायक्लोराइडही त्यांच्याबरोबर परत यायचं. पत्र्यातून गळणारं पाणी बादलीत धरत राहण्यातला प्रकार. भोक कुठे आहे हे वर चढून बघितलंच नव्हतं.

आमच्याकडची आणखी एक अडचण आधी सांगते. बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीत जातात. आपल्या भाषेत जेवणातलं ते मीठ आणि रसायनशास्त्रातला तो क्षार. शब्दच वेगळे, त्यामुळे गोंधळ नाही. इंग्रजीत दोन्ही ‘सॉल्ट’. मोरचूद (कॉपर सल्फेट) हेसुद्धा सॉल्ट आहे म्हटलं की निम्मा वर्ग हसतो आणि उरलेला निम्मा ते चाखायचं असतं असं समजतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘क्षार’ लिहिते आणि मगच पुढे जाते.

‘डाय’ येतो कुठून

चुकीवर उपाय करण्याआधी मुलाला विचारा, "हे ‘डाय’ तू कुठून आणलंस?" मला याचं उत्तर एका मुलीकडून मिळालं. ती म्हणाली, "सीओ टू कार्बन डायऑक्साइड, तर सीए सीएल टू कॅल्शियम डायक्लोराइड. दोघांतही खाली दोन आहे ना?"

तर्कात खोट काढायला जागा नाही. कार्बन डायऑक्साइड हे नाव मुलं लहानपणापासून ऐकतात, झाडं तो घेतात, आपण सोडतो. रसायनाच्या नावाचा नमुना म्हणून तेच डोक्यात बसतं आणि पुढची सगळी नावं त्याच साच्यातून निघतात. तक्ता वीस वेळा लिहून साचा बदलत नाही.

त्या दिवशी मी घरात गेले आणि कपाटातला ओल शोषणारा डबा घेऊन आले. पावसाळ्यात गोव्यात ज्यांच्याकडे कपाट आहे त्यांच्याकडे हा डबा असतो, नाहीतर चामड्याच्या चपलांवर हिरवी बुरशी असते. जूनमध्ये ठेवताना वरच्या कप्प्यात पांढरे खडे होते. ऑगस्टपर्यंत खडे जवळजवळ संपलेले आणि खालचा कप्पा पाण्याने भरलेला. मुलांना हलवून दाखवला, मग वेष्टनावरचं नाव वाचायला दिलं. कॅल्शियम क्लोराइड. ‘डाय’ नाही. कारखान्याला दोन क्लोरीन दिसले नाहीत का?

दिसले. पण सांगायची गरज नव्हती. कॅल्शियम इलेक्ट्रॉन देतो तेव्हा दोनच देतो, म्हणून त्याचा भार दोन धन. क्लोरीन एकच घेतो, भार एक ऋण. वीस रुपयांची नोट मोडली आणि समोरच्याकडे फक्त दहाच्या नोटा असल्या, तर किती नोटा मिळतील हे बोलून दाखवावं लागत नाही. कॅल्शियम आणि क्लोराइड एवढं म्हटलं की दोन आपोआप ठरतात. अशा क्षाराच्या नावात कोण कोण आहे एवढंच असतं. किती आहेत ते भारावरून आपण काढायचं.

मग कार्बनला का सांगावं लागतं? कारण तिथे देणंघेणं नाही, भागीदारी आहे. एक कार्बन एका ऑक्सिजनबरोबरही राहतो आणि दोनांबरोबरही. एक विषारी वायू, दुसरा सोड्याच्या बाटलीतला. नुसतं ‘कार्बन ऑक्साइड’ म्हटलं तर कुठला, हे कळणारच नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न आता हा असतो: नावात पुढे कोण उभा आहे? धातू असेल, किंवा धातूसारखाच धन भाराचा अमोनियम असेल, तर डाय, ट्राय, टेट्रा खोडा. दोन्ही अधातू असतील तर ठेवा. एवढ्या एका प्रश्नाने निम्म्या वह्या सुधारतात.

इथे चलाख मुलगा दोन हरकती घेतो आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली, पोटॅशियम डायक्रोमेट. त्यातला ‘डाय’ पोटॅशियम किंवा क्रोमेट मोजत नाही, दोन क्रोमियम असलेल्या त्या आयनाचं ते स्वतःचंच नाव आहे. आडनावातला भाग काढून टाकत नाहीत, तसंच. दुसरी, मँगनीज डायऑक्साइड. टॉर्चच्या सेलमधली काळी भुकटी. मँगनीज धातू आहे आणि तरी पुस्तकात ‘डाय’ छापलेला आहे. हे जुनं नाव आहे, रुळलं म्हणून राहिलं. नियमाप्रमाणे ते मँगनीज फोर ऑक्साइड. मी मुलांना सांगते, पुस्तकातलं लिहा, मार्क घ्या, पण त्याच्यावरून दुसरी नावं पाडू नका.

रोमन आकडा कशाचा

आता ‘आयर्न टू ऑक्साइड’. हा रोग जास्त चिवट आहे आणि याला जरा वेळ द्यावा लागतो.

आमच्या शेडच्या मागची भिंत चिऱ्यांची आहे. जांभ्याचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडमुळे येतो. डिचोली-साखळीकडून ज्या खनिजाचे ट्रक जात आणि रस्त्याकडेची झाडं, कपडे, भिंती लाल करून टाकत, त्या हेमटाइटमध्येही तेच ऑक्साइड. दोन लोखंड, तीन ऑक्सिजन. मुलं लोखंडाच्या खालचा दोन बघतात आणि कंसात रोमन दोन लिहून मोकळी होतात.

रोमन आकडा म्हणजे लोखंडाचे अणू किती, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तो एका लोखंडावरचा भार सांगतो. मी आधी हेच वाक्य तीन-तीनदा सांगायची. मुलं मान डोलवायची आणि परत दोनच लिहायची. शेवटी तांब्याची दोन ऑक्साइडं शेजारी शेजारी मांडली. काळ्या ऑक्साइडमध्ये एक तांबं, एक ऑक्सिजन, खाली आकडाच नाही. त्याचं नाव कॉपर टू ऑक्साइड. लालसर ऑक्साइडमध्ये दोन तांबी, एक ऑक्सिजन. त्याचं नाव कॉपर वन ऑक्साइड. जिथे दोन दिसतो तिथे नावात एक, जिथे काहीच दिसत नाही तिथे दोन. हे बघितल्यावर मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "पूण कित्याक?" म्हणजे, पण का? तिथून पुढे शिकवणं सोपं झालं.

कित्याक, ते आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, दिसतं. पाऊस लागण्याआधी मामंजी पोफळींवर बोर्डोची फवारणी करून घेतात, कोळेरोग येऊ नये म्हणून. पुढची फवारणी पावसाने उघडीप दिली की. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या पिंपात वेगळं विरघळवायचं, चुना वेगळा भिजवायचा, लोखंडी भांडं वापरायचं नाही. मिश्रण झालं की फवारायच्या आधी मामंजी कोयत्याचं पातं त्यात बुडवतात, थोडं थांबतात आणि उन्हात धरून बघतात. पातं तसंच राहिलं तर ठीक. त्यावर तांबूस झाक आली तर मोकळं तांबं उरलं आहे, पानं जळतील, आणखी चुना टाका.

दोन वर्षांपूर्वी मी चार मुलांना ते बघायला बोलावलं. नुसत्या मोरचुदाच्या निळ्या पाण्यातही कोयता बुडवून दाखवला. पातं बघता बघता तांबूस झालं. पाण्यातलं तांबं लोखंडावर बसलं आणि त्याच्या जागी लोखंड पाण्यात गेलं. मोरचूद म्हणजे कॉपर टू सल्फेट. सल्फेटचा भार दोन ऋण, तो बदललेला नाही, फक्त जोडीदार बदलला. मग आत गेलेल्या लोखंडावर किती भार? दोनच, नाहीतर हिशेब जुळणार नाही. झालं आयर्न टू सल्फेट. मामंजींना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे हिराकस." बरोबर. पुस्तकात ज्याला फेरस सल्फेट म्हणतात आणि लोहाच्या गोळीच्या पाकिटावर जे छापलेलं असतं, ते.

त्यातून आमच्या शिकवणीचा दुसरा नियम आला: धातूला त्याचा भार विचारू नका, शेजारच्याला विचारा. लोखंड कधी दोन सांगेल, कधी तीन. ऑक्साइड दोन ऋण म्हणजे दोन. चिऱ्याच्या भिंतीत तीन ऑक्साइड, एकूण सहा ऋण. ते सहा धन दोन लोखंडांत वाटा. प्रत्येकी तीन. म्हणून आयर्न थ्री ऑक्साइड. हा भागाकार वहीत समासात करायलाच लावते, तोंडी नाही. तोंडी केला की परत खालचा दोन उचलतात.

सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम, झिंक, सिल्व्हर यांच्यापुढे मात्र रोमन आकडा नको, कारण त्यांचा नेहमीचा भार एकच असतो. ‘सोडियम वन क्लोराइड’ लिहिणारा मुलगा चुकत नाही म्हणा, पण एकुलत्या एका पोराला ‘थोरला’ म्हणण्यासारखं ते दिसतं.

फेरस-फेरिकबद्दल एक गोष्ट. बऱ्याच ठिकाणी ‘इक म्हणजे तीन’ असं शिकवतात. लोखंडाला ते लागू पडतं, तांब्याला नाही. क्युप्रिक म्हणजे दोन, क्युप्रस म्हणजे एक. ‘अस’ म्हणजे कमी आणि ‘इक’ म्हणजे जास्त, इतकंच त्यात आहे, आकडा नाही. हीच अडचण टाळायला आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये भार सरळ रोमन आकड्यात लिहायची पद्धत सुचवली. गंमत म्हणजे त्याची पद्धत मुलांना सगळ्यात जास्त छळते ती पाऱ्याच्या बाबतीत, कारण मर्क्युरी वनचे अणू जोडीनेच फिरतात आणि फॉर्म्युल्यात दोन-दोन दिसतात. आणि स्टॉकला स्वतःलाही पाऱ्याने छळलं. प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफांनी त्याला विषबाधा झाली होती आणि पुढे त्या धोक्याबद्दल त्याने स्वतःच लिहिलं.

ड, ट आणि पत्र्यावरचा पाऊस

सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट. पत्र्यावर पाऊस वाजत असताना मागच्या बाकावर यातलं काय पोचतं ते मी तिथे बसून ऐकून बघितलं आहे. पहिल्या दोघांत फरक शेवटच्या एका अक्षराचा, आणि ते अक्षर पावसात वाहून जातं. त्यामुळे ही चूक कधीकधी समजुतीची नसते, निव्वळ कानाची असते. आधी ते तपासा. मुलाला नाव लिहून द्या. लिहिलेलं बरोबर ओळखलं, तर त्याला पुढच्या बाकावर बसवा, विषय संपला.

(सल्फरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘पीएच’ की ‘एफ’ यावरूनही भांडण असतं. रसायनशास्त्राच्या जागतिक संस्थेने १९९० मध्ये ‘एफ’ स्वीकारला, आपली पुस्तकं अजून बरीचशी ‘पीएच’वाली. देवनागरीत आपला एकच फ, सुटलो.)

लिहिलेलंही ओळखता आलं नाही, तर स्वयंपाकघरातून मिठाचं पाकीट आणा. घटकांमध्ये पोटॅशियम आयोडेट लिहिलेलं असतं. मुलं ते ‘पोटॅशियम आयोडाइड’ वाचतात, कारण ‘आयोडीन’ कानावर असतं. आयोडाइड म्हणजे एकटा आयोडीन, एक ऋण भार घेतलेला. आयोडेट म्हणजे आयोडीनभोवती तीन ऑक्सिजन. ‘एट’ ऐकलं की ऑक्सिजन आला, ‘आइट’ ऐकलं तर ऑक्सिजन आहे पण एक कमी, ‘आइड’ ऐकलं तर बहुतेक वेळा नाहीच. आपल्याकडे मिठात आयोडेट घालतात कारण दमट हवेत तो जास्त टिकतो, आणि दमट हवा म्हणजे काय ते गोव्याच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. आगरवाड्याकडच्या मिठागरातलं जाडं मीठ मातीच्या भांड्यात ठेवलं तरी जुलैत पाझरतं. त्यात राहिलेलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. कपाटातल्या डब्याचाच भाऊ, आणि याच्याही नावात ‘डाय’ नाही.

‘एट’ म्हणजे चार ऑक्सिजन, असं मात्र पाठ करू देऊ नका. सल्फेटमध्ये चार, नायट्रेटमध्ये तीन, कार्बोनेटमध्येही तीन. ‘एट’ आणि ‘आइट’ यांच्यात एकाचा फरक असतो, सुरुवात कुठून ते आयनाप्रमाणे ठरतं. ही शेपटं लावायला १७८७ मध्ये फ्रान्समध्ये सुरुवात झाली. लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी रसायनांच्या नावांची नवी पद्धत मांडली. त्याआधी आपल्या मोरचूद, हिराकस, नवसागरसारखीच नावं तिकडेही होती. बाजारात ती चालतात, पण मोरचूद आणि हिराकस या दोघांत सल्फेट सारखाच आहे हे त्या नावांवरून कळत नाही.

हायड्रॉक्साइड आणि सायनाइड हे दोघे ‘आइड’वाले असून एकटे नाहीत. अपवाद म्हणून तेवढे पाठ करा, दुसरा इलाज नाही.

उरलेल्या किरकोळ गळत्या

कंसाची चूक पटकन निघते. भिजवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड: एक कॅल्शियम, दोन पूर्ण हायड्रॉक्साइड. कंस न घालता ओएचपुढे दोन लिहिला की तो फक्त हायड्रोजनला लागतो. मुलाला ऑक्सिजन मोजायला सांगा, एकच सापडेल, स्वतःच कंस घालेल.

मॅग्नेशियम ऑक्साइडला दोन-दोन लिहिणं हे भार तिरके उतरवण्याच्या, म्हणजे एकाच्या भाराचा आकडा दुसऱ्याच्या खाली लिहिण्याच्या, युक्तीचं पाप आहे. शेवटी लहानात लहान प्रमाण करायचं, एवढं सांगितलं की पुरतं. फक्त सोडियम पेरॉक्साइडला हे करू नका. तिथले दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून आहेत, दोघांचा मिळून भार दोन ऋण. शेजाऱ्याला विचारा हा आमचा नियमही इथे फसतो. बेरियम पेरॉक्साइडमध्ये एक बेरियम, दोन ऑक्सिजन. नियम लावला तर बेरियम फोर येतो. बेरियम चार कधीच देत नाही, त्याचे दोनच. धातूचा आकडा असा न पटणारा आला की पेरॉक्साइडचा संशय घ्यायचा.

अमोनिया आणि अमोनियमचा घोळ मी अलीकडे कल्हईवाल्यावरून सोडवते. तांब्याच्या भांड्यावर तो नवसागराची भुकटी टाकतो, पांढरा धूर निघतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यातला अमोनियम धातूच्या जागी उभा राहिलेला, एक धन भाराचा. अमोनियावर भारच नाही, तो कुणाशी क्षाराची जोडी जमवणार?

तर मागच्या आठवड्यात एका मुलाची वही बघितली. कॅल्शियम क्लोराइड बरोबर. आयर्न थ्री ऑक्साइड बरोबर, समासात भागाकारही आहे. सल्फाइट, सल्फेट बरोबर. मी खूश होऊन पान उलटलं. झाडं अन्न कशी तयार करतात, या प्रश्नाच्या उत्तरात त्याने नीट अक्षरात लिहिलं होतं: ‘पाने हवेतून कार्बन ऑक्साइड घेतात.’ विचारलं तर म्हणतो, "टीचर, तुम्हीच सांगितलं ना, डाय खोडा म्हणून."